दुखण्याची दिशा

कंबर धरली की आपल्याकडे बहुतेक माणसे ठरावीक क्रमाने वागतात. आधी बाम चोळला जातो, मग दोन दिवस आडवे पडून राहणे, आणि तरीही नाही थांबले तर ‘फोटो’. हल्ली फोटो म्हणजे एमआरआय. ती मोठी पिशवी काखेत धरून सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आलेला रुग्ण स्टुलावर टेकायच्या आत निदान सांगून मोकळा होतो, ‘डॉक्टर, मणक्यात गॅप आहे’. कुणाची गादी सरकलेली असते, कुणाची नस दबलेली असते. पण कंबर नेमकी कशाने दुखते, बसल्यावर की चालल्यावर, वाकल्यावर की उठताना, सकाळी की संध्याकाळी, असे विचारले की तो गोंधळतो. बायकोकडे बघतो. कारण हा प्रश्न इतक्या तपासण्यांमध्ये त्याला कुणी विचारलेलाच नसतो.

हा साधा प्रश्न हेच ज्यांनी आपले शास्त्र बनवले, त्या माणसाबद्दल आज लिहायचे आहे. त्यांचे नाव रॉबिन मॅकेन्झी. ते अस्थिशल्यविशारद नव्हते, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हते, डॉक्टरही नव्हते. ते न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट होते. आज जगात कुठेही कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टने तुम्हाला पालथे झोपवून हातांवर छाती उचलायला सांगितली, तर त्यामागे बहुतेक वेळा या माणसाचे काम असते.

डनेडिन ते वेलिंग्टन

मॅकेन्झी यांचा जन्म १९३१ मधला, ऑकलंडचा. डनेडिन इथल्या न्यूझीलंड स्कूल ऑफ फिजिओथेरपीमधून त्यांनी १९५२ मध्ये शिक्षण पूर्ण केले आणि पुढच्याच वर्षी वेलिंग्टनमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. पाठीच्या कण्याच्या दुखण्यात त्यांना सुरुवातीपासून रस होता.

तेव्हा हा व्यवसाय कुठे होता, हे समजून घ्यायला हवे. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संघटना काढली, तिथून आधुनिक फिजिओथेरपीची एक मोठी शाखा सुरू होते. डनेडिनमध्ये १९१३ मध्ये सुरू झालेली शाळाही मुळात मसाजचीच होती. दोन महायुद्धांतले जखमी सैनिक आणि पोलिओने लुळी पडलेली मुले यांच्यामुळे या विद्येचे महत्त्व वाढले. आपल्याकडेही तसेच घडले. मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि त्यानंतर, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. म्हणजे मॅकेन्झी वेलिंग्टनमध्ये पाटी लावत होते, साधारण त्याच सुमारास परळमध्ये आपल्या पहिल्या तुकड्या तयार होऊ लागल्या होत्या.

पण मान मर्यादितच होता. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहायचे आणि थेरपिस्टने ते करायचे. शेक, मसाज, काही व्यायाम. निदान करणे हे थेरपिस्टचे काम नव्हे, अशीच समजूत होती.

कंबरेच्या बाबतीत आणखी एक समजूत घट्ट होती. अमेरिकेतले पॉल विल्यम्स यांनी १९३७ मध्ये कंबर पुढे वाकवण्याचे व्यायाम मांडले होते. पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घेणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे स्नायू बळकट करणे. कंबरेचा आतला बाक सपाट केला की दुखणे कमी होते, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे ‘कंबर मागे वाकवू नका’ हा नियम पुढची काही दशके जवळजवळ निर्विवाद मानला गेला.

वर उचललेले टेबल

१९५६ मध्ये मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात स्मिथ नावाचे एक गृहस्थ येत होते. त्यांच्या कंबरेतून उजव्या बाजूने कळ निघून गुडघ्यापर्यंत उतरायची. पुढे वाकता यायचे, मागे वाकता येत नव्हते. तीन आठवडे त्या काळातले नेहमीचे उपचार, म्हणजे शेक वगैरे, चालू होते आणि फरक काहीच नव्हता.

त्या दिवशी मॅकेन्झी यांनी त्यांना आत जाऊन टेबलावर पालथे झोपायला सांगितले आणि ते दुसऱ्या कामात गुंतले. टेबलाचे एक टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेले होते, ते खाली करायचे राहून गेले होते. स्मिथ तसेच जाऊन झोपले. छाती वर, पाय खाली, कंबर मागे वाकलेली, म्हणजे जी स्थिती पूर्णपणे निषिद्ध मानली जात होती नेमकी तीच. काही मिनिटांनी मॅकेन्झी आत आले आणि ते दृश्य पाहून हादरले. घाबरतच त्यांनी विचारले, कसे वाटते आहे? स्मिथ यांनी सांगितले की तीन आठवड्यांत इतके बरे कधीच वाटले नव्हते. पायातली कळ नाहीशी झाली होती. कंबरेतले दुखणे उजव्या बाजूकडून मधोमध आले होते आणि मागे वाकणे सोपे झाले होते. दुसऱ्या दिवशी मॅकेन्झी यांनी मुद्दाम त्याच स्थितीत त्यांना झोपवले, आणि उरलेले मधले दुखणेही गेले.

ही गोष्ट फिजिओथेरपीच्या वर्गांत नेहमी सांगितली जाते आणि ती चमत्कारासारखी ऐकली जाते. मला तिच्यात चमत्कारापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. रुग्णाला बरे वाटले तेव्हा मॅकेन्झी यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, हा योगायोग म्हणून सोडून देणे आणि टेबल खाली करणे. दुसरी, पुस्तकातला नियम आणि समोरचा माणूस यांच्यात विरोध दिसतो आहे, तर समोरच्या माणसावर विश्वास ठेवून पुढे शोध घेणे. पंचविशीतल्या, हाताखाली कोणतेही मोठे रुग्णालय नसलेल्या थेरपिस्टने दुसरी वाट धरली.

पुढची काही वर्षे ते एकेका रुग्णाला वेगवेगळ्या दिशांनी हालचाल करायला लावत आणि दुखणे कुठे सरकते ते टिपून ठेवत. काहींना मागे वाकल्याने बरे वाटे, काहींना बाजूला सरकल्याने, काही थोड्यांना पुढे वाकल्याने. काहींना कशानेच नाही. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी सायटिकामुळे एका बाजूला झुकलेली कंबर हाताने सरळ कशी करावी यावर लेख लिहिला. १९८० मध्ये सामान्य माणसासाठी ‘ट्रीट युवर ओन बॅक’ हे छोटे पुस्तक आले, १९८१ मध्ये थेरपिस्टसाठी मोठा ग्रंथ, आणि १९८२ मध्ये मॅकेन्झी इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. १९९० मध्ये त्यांना ब्रिटिश राजघराण्याचा ‘ओबीई’ किताब मिळाला. मे २०१३ मध्ये ते गेले. म्हणजे टेबलावरच्या त्या प्रसंगापासून पहिल्या पुस्तकापर्यंत चोवीस वर्षे गेली. आजच्या घाईच्या काळात हे अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तपासणी म्हणजेच उपचाराची सुरुवात

मॅकेन्झी पद्धत म्हणजे पालथे झोपून करायचे व्यायाम, असा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती आधी तपासणीची पद्धत आहे, व्यायाम नंतर येतात.

पहिल्या भेटीत थेरपिस्ट बराच वेळ प्रश्न विचारतो. दुखणे कुठून कुठपर्यंत आहे? कायम असते की येते-जाते? बसल्यावर, उठताना, वाकताना, चालताना, झोपल्यावर काय होते? मग रुग्णाला एकाच दिशेने तीच हालचाल दहा-पंधरा वेळा करायला लावतो आणि दर वेळी तीन गोष्टी बघतो: हालचालीच्या आधी दुखणे कुठे होते, करताना काय झाले आणि थांबल्यावर काय उरले. एकदाच वाकून ‘दुखते का’ विचारण्यात आणि पंधरा वेळा वाकल्यावर दुखणे कुठे गेले हे बघण्यात खूप फरक आहे. ज्या दिशेने हालचाल केली की दुखणे कमी होते, ती त्या रुग्णाची ‘सोयीची दिशा’.

या तपासणीतून मॅकेन्झी यांनी दुखण्याचे तीन मुख्य गट पाडले.

पहिला गट चुकीच्या बसण्याचा. हरिपाठाला तासभर मांडी घालून बसलो की गुडघा अवघडतो, उठून चार पावले टाकली की मोकळा होतो. गुडघा बिघडलेला नसतो, फक्त ताणून ठेवलेला असतो. कंबरेचेही तसेच. दिवसभर संगणकापुढे, शिलाई मशीनवर किंवा रिक्षाच्या सीटवर पोक काढून बसणाऱ्याची कंबर संध्याकाळी दुखते, आणि उठून फिरल्यावर थांबते. इथे औषध म्हणजे बसण्याची सवय बदलणे, दर अर्ध्या तासाने उठणे, कंबरेच्या बाकात टॉवेलची गुंडाळी ठेवणे.

दुसरा गट आखडलेल्या पेशींचा. हाताचे प्लॅस्टर काढल्यावर कोपर जसा शेवटपर्यंत सरळ होत नाही आणि जोर लावला की त्याच जागी दुखतो, तसे जुन्या दुखापतीनंतर कंबरेचे होते. दुखणे फक्त हालचालीच्या शेवटच्या टोकाला येते. इथे आठवडे-महिने चिकाटीने ताण देत राहावे लागते. झटपट काही होत नाही.

तिसरा गट सर्वात मोठा आणि सर्वात महत्त्वाचा. त्यात हालचाल कुठेतरी अडते, दुखणे जागा बदलते, कधी पायात उतरते, कधी माणूस एका बाजूला वाकडा होतो. लाकडी ड्रॉवर तिरका होऊन अडकला की जोराने ओढल्यावर तो अधिकच रुततो, आणि उलट दिशेने किंचित ढकलला की सुटतो. स्मिथ यांचे तसेच झाले असावे. दोन मणक्यांमधल्या चकतीचा आतला मऊ भाग मागे सरकतो आणि मागे वाकल्याने तो पुन्हा पुढे ढकलला जातो, असे स्पष्टीकरण मॅकेन्झी यांनी दिले. हे स्पष्टीकरण पूर्णपणे सिद्ध झालेले नाही, हेही सांगायला हवे. पण रुग्णाच्या शरीरात दिसणारा परिणाम मात्र अनेकांनी पुन्हा पुन्हा नोंदवला आहे.

पायातून कंबरेत

या सगळ्यात रुग्णाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. योग्य दिशेची हालचाल मिळाली की पायातले दुखणे वर सरकू लागते. पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, आणि शेवटी कंबरेच्या मधोमध येऊन थांबते. कधी कधी त्या वेळी कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखते. रुग्ण घाबरतो, व्यायाम सोडतो आणि म्हणतो, ‘व्यायामाने दुखणे वाढले’. खरे तर ते सुधारणेचे लक्षण असते. उलट कंबर थोडी बरी वाटली पण कळ गुडघ्याखाली उतरू लागली, मुंग्या वाढल्या, तर ती दिशा चुकीची आहे, लगेच थांबायला हवे. दुखणे किती आहे यापेक्षा ते कुठे चालले आहे, हे इथे महत्त्वाचे.

अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ रोनाल्ड डोनेल्सन यांनी १९९० मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात दाखवले की ज्यांचे दुखणे असे वर सरकते, त्या रुग्णांना पुढे चांगला गुण येतो. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ३१२ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या २३० जणांना, म्हणजे ७४ टक्के रुग्णांना, सोयीची दिशा सापडली. मग त्यांचे तीन गट करून एकाला सोयीच्या दिशेचे, दुसऱ्याला उलट दिशेचे आणि तिसऱ्याला सर्वसाधारण व्यायाम दिले. दोन आठवड्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी गुण नाही किंवा त्रास वाढला म्हणून व्यायाम सोडले. पहिल्या गटातून कुणीही बाहेर पडले नाही.

आता दुसरी बाजू. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ३२१ रुग्णांचा अभ्यास आला. मॅकेन्झी पद्धत, कायरोप्रॅक्टिक उपचार आणि केवळ एक माहितीपुस्तिका, अशी तुलना होती. पहिल्या दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला, आणि पुस्तिकेपेक्षा तो थोडासाच सरस होता. २०२३ मधल्या कॉक्रेन आढाव्याने तर नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत या पद्धतीचा फायदा रुग्णाला जाणवेल इतका मोठा नाही, असा निष्कर्ष काढला. उपलब्ध पुरावा कमकुवत आहे, हेही त्यातच नमूद आहे.

मग खरे काय? ताज्या कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. अशा वेळी कोणताही उपचार दुसऱ्यापेक्षा फार सरस ठरणे अवघडच. शिवाय सगळे रुग्ण एकाच टोपलीत टाकले की ज्यांना नेमका फायदा होतो ते सरासरीत हरवतात, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. एक फिजिशियन म्हणून मला इतके सांगता येईल, की मॅकेन्झी पद्धत ही रामबाण नाही, पण रुग्णाला नीट तपासण्याची ती शिस्तशीर, स्वस्त आणि बहुतेकांसाठी निर्धोक रीत आहे.

उपचार कुणाच्या हातात?

मॅकेन्झी यांचा खरा आग्रह व्यायामाच्या प्रकाराबद्दल नव्हता. रुग्ण स्वतःला बरे करू शकत असेल, तर ते काम थेरपिस्टने स्वतःकडे घेऊ नये, असा तो होता. त्यांच्या पद्धतीत पायऱ्या आहेत. आधी रुग्णाने स्वतः करायची हालचाल. ती पुरली नाही तरच थेरपिस्टच्या हाताचा दाब. त्याही पुढे गरज पडली तर सांधा हलवण्याचे तंत्र. खालच्या पायरीने काम भागत असेल तर वर चढायचे नाही. कंबरदुखी पुन्हा पुन्हा येणारा आजार आहे. पुढच्या वेळी ती रात्री अकरा वाजता आली, तर थेरपिस्ट जवळ नसेल, पण शिकलेली हालचाल जवळ असेल.

आपल्याकडे चित्र बहुधा उलटे दिसते. ‘दहा दिवस शेक, दहा दिवस करंट, वजन लावणे आणि पट्टा’ असे पॅकेज अनेक ठिकाणी मिळते. रुग्ण पडून असतो, मशीन चालू असते, कंबर कुणी वाकवून बघितलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम, काही प्रमाणात हाताने करायचे उपचार, मानसिक आधार यांची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावणे या दोन्ही गोष्टी सरसकट देऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे. पट्टा खुंटीला टांगून ठेवण्यासाठी आता आणखी मोठा दाखला लागू नये.

विश्रांतीचेही तसेच. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली. दोन दिवस पडून राहिलेल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. ज्याची मजुरी दिवसावर आहे, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे घरातले धान्य आहे. भात लावणारी बाई, उसाच्या फडातला मजूर, हमाल, रिक्षावाला, यांना शेक घ्यायला दहा दिवस तालुक्याला जाणे परवडत नाही. एका भेटीत कारण समजावून, एक-दोन हालचाली शिकवून, आठवड्याने परत बघणारा थेरपिस्ट त्यांच्या सर्वात उपयोगाचा.

आणि तो ‘गॅप’? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. केस पांढरे होतात तशी चकती झिजते. रिपोर्टात लिहिलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण नसते. स्कॅन लागतो तेव्हा लागतोच, पण तो प्रश्न विचारण्याच्या आणि तपासण्याच्या नंतर.

आधी हे बघा

घरच्या घरी पालथे झोपून व्यायाम सुरू करण्याआधी काही धोक्याच्या खुणा माहीत हव्यात. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या भागाला आणि बसायच्या जागेला बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होऊन चप्पल निसटू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. इथे तासांचा हिशेब असतो.

संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, वयस्क माणसाला साध्या पडण्यानंतर किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याला अचानक दुखू लागणे, या गोष्टींनाही तपासणी लागते. तरुण मुलाची कंबर सकाळी तासभर आखडते आणि हालचालीने मोकळी होते, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो.

आणि एक नेहमीचा गोंधळ. साठीच्या पुढच्या काही जणांना चालताना पाय भरून येतात, थांबून पुढे वाकले किंवा बसले की बरे वाटते, सायकल मात्र चालवता येते. त्यांच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते. त्यांना कंबर मागे वाकवण्याचे व्यायाम त्रासदायक ठरू शकतात. ‘शेजाऱ्याला भुजंगासनाने बरे वाटले’ हे म्हणूनच पुरेसे कारण नाही. भुजंगासन उत्तम आसन आहे, पण शेजाऱ्याची दिशा तुमची दिशा असेलच असे नाही.

थेरपिस्टकडे जाताना

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी बारावीनंतरची, त्यात इंटर्नशिपही असते. पुढे पदव्युत्तर शिक्षण वेगळे. २०२१ मध्ये संसदेने या आणि इतर आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. चार आठवड्यांचा कोर्स करून मशीन विकत घेतलेला माणूस आणि शिकलेला थेरपिस्ट यांत फरक करण्याची जबाबदारी तूर्त मात्र बरीचशी रुग्णावरच आहे. पदवी आणि नोंदणी विचारण्यात कमीपणा नाही. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पहिली भेट. तुमचे ऐकून घेतले का, कपडे सैल करून कंबर वाकवून बघितली का, दुखणे कुठे सरकते ते विचारले का, घरी काय करायचे आणि केव्हा थांबायचे ते सांगितले का? नुसते मशीन लावून ‘उद्या या’ म्हटले, तर दुसरा थेरपिस्ट शोधावा.

डॉक्टरांनीही एक गोष्ट करायला हरकत नाही. चिठ्ठीवर ‘शेक, दहा दिवस’ लिहिण्याऐवजी ‘तपासून योग्य तो व्यायाम द्यावा’ असे लिहावे. थेरपिस्टला विचार करायला वाव दिला की तो विचार करतो. वेलिंग्टनच्या त्या दवाखान्यात मॅकेन्झी यांना तसा वाव मिळाला नसता, तर ते टेबल दुसऱ्या दिवशी पुन्हा वर उचलले गेले नसते.

रुग्णाच्या वाट्याचे काम सोपे आहे. दोन दिवस वहीच्या कागदावर टिपून ठेवा: कंबर कशाने दुखते, कशाने थांबते, पायात कुठपर्यंत उतरते, सकाळी जास्त की रात्री. तपासायला जाताना तो कागद बरोबर न्या, आणि एमआरआयची पिशवी उघडण्याआधी तो पुढे करा.